उंची जमिनीपासून मोजावी

कलम बारा, पोटकलम चार:
माल उतरवायची जागा राहत्या घराला लागून असेल
तर मध्ये भिंत हवी,
एक मीटर ऐंशी, कुठेही फट नसलेली,
आणि तिची उंची जमिनीपासून मोजावी.

हे वाक्य माझं नाही.
मी फक्त टेप घेऊन जाते.

क्रेनफील्ड, सस्कॅचेवनच्या सपाटीवरचं गाव.
उंच म्हणावं असं एक धान्याचं कोठार
आणि युक्रेनी चर्चचा घुमट, बस.
इथे भिंत कुणापासून काय लपवणार,
फॉर्मवर असा रकाना नाही.

किराणा सोसायटीनं मागच्या अंगाला
नवा धक्का बांधला. नऊ मीटर लांब, तीन रुंद,
डोक्यावर सव्वाचार मीटर मोकळं. नकाशा चोख.
धक्क्यासमोर ओरेस्ट ह्नातिउकचं स्वयंपाकघर.
पत्र मीच धाडलं:
आपल्या शांततेसाठी लवकरच भिंत उभारण्यात येईल.

चौथ्या दिवशी म्हातारा ऑफिसात. टोपी हातात.
"कुणी मागितली भिंत?"
नियमानं, मी म्हटलं.
"तो राहतो कुठे?"

सुनावणीला पाच सभासद, एक थर्मास कॉफी.
ओरेस्टनं कागद आणलाच नव्हता.
म्हणाला, दारिया गेली फेब्रुवारीत.
मंगळवारी आणि शुक्रवारी, सात दहाला,
दुधाचा ट्रक येतो. वेस्ली ओकिमॉ चालवतो.
मागे घेताना बीप बीप वाजतं, मी किटली चढवतो.
तो दोन बोटं वर करतो.
मी चमचा.
नाही, बोललो नाही कधी. काय बोलायचं?

अध्यक्षांनी विचारलं, आवाजाचा त्रास होतो?
"होतो ना.
म्हणून तर उठतो."

चार विरुद्ध एक.
एकाला सवलत दिली तर उद्या सगळं गाव दारात.
इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे:
अर्जदारास ठोस अडचण दाखवता आली नाही.

जूनमध्ये राखाडी ठोकळे आले, तीन दिवसांत भिंत झाली.
शेत नाही खाल्लं या कुंपणानं,
एक खिडकी खाल्ली.
मी टेप लावला. एक ब्याऐंशी.
दोन सेंटिमीटर जास्त, चालतात.
सही केली. पलीकडे ट्रक मागे येत होता,
नुसता आवाज,
आणि खिडकीत किटली एकटीच शिट्टी मारत होती.
मी गाडीत बसून राहिले थोडा वेळ. मग गेले.

सप्टेंबरात शेजारच्या पुढच्या कुंपणाची तक्रार.
(पुढे एक मीटरच्या वर नाही. कलम अकरा.)
ते मोजून वळले, तर ओरेस्टच्या मागच्या अंगणात
मातीचा ढीग. ढीग कसला, ओटाच,
कमरेएवढा, माथा सपाट, चोपून बसवलेला.
कडेला बटाट्याची एक ओळ, दाखवण्यापुरती.
मधोमध स्वयंपाकघरातली खुर्ची.

"वाफा आहे," तो म्हणाला, मी विचारायच्या आत.

टेप माझ्या हातात होता.
उंची जमिनीपासून मोजावी.
पण कुठल्या? जूनमधल्या, की आत्ता
हा माणूस जिच्यावर बसलाय तिच्या?
पोटकलम गप्प.
वाफ्याच्या उंचीवर तर बारा कलमांत चकार शब्द नाही.

सात दहा.
बीप बीप.
ट्रकचालकाची सीट उंच असते,
नियम लिहिणाऱ्याला हे आठवलं नसावं.
भिंतीवरून एक खांदा, एक कॅप,
दोन बोटं.
चमचा त्यानं खिशातच ठेवला होता.

किती घमेली माती, मी विचारलं.
"ढकलगाडीनं. एकशे चौदा.
गुडघा गेला त्यात."
मग वाकून त्याच गुडघ्यावर
तीन बटाटे उपटून दिले, मातीसकट.

वहीत लिहिलं: भिंत ठीक आहे.
कर्मचाऱ्यांनी भेटवस्तू घेण्याबद्दलचा नियम
वेगळ्या फाइलीत असतो, वरच्या कपाटात.
हात पोचत नाही माझा तिथे.